घर्षणविद्युत नॅनोजनित्र : दावे आणि मोजमाप - एक चिकित्सा

प्रस्तावना :
दोन भिन्न पदार्थ एकमेकांवर घासले असता त्यांवर विद्युतभार निर्माण होतो, हे मानवास प्राचीन काळापासून ज्ञात आहे. या गुणधर्माच्या आधारे हालचालीतील यांत्रिक ऊर्जेचे विद्युत ऊर्जेत रूपांतर करणारे लवचीक जनित्र अमेरिकेतील जॉर्जिया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे झाँग लिन वांग व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये मांडले. चालणे, वारा, लाटा यांतील ऊर्जेवर लहान उपकरणे चालविता येतील, असा दावा त्यानंतर अनेक शोधनिबंधांतून करण्यात आला. हा दावा कोणत्या मापाने तपासावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कार्यतत्त्व :
दोन भिन्न पदार्थांचे पातळ थर एकमेकांस टेकले की त्यांवर परस्परविरुद्ध भार साचतो. थर दूर होताना मागील इलेक्ट्रोडांमध्ये विभवांतर निर्माण होऊन बाह्य मंडलातून प्रवाह वाहतो. जवळ येताना तो उलट दिशेने वाहतो. साधी रचना, स्वस्त पॉलिमर आणि मंद, अनियमित हालचालीतही मिळणारे कार्य ही या जनित्राची खरी बलस्थाने होत.

चिकित्सा :
पुष्कळ निबंधांत शेकडो व्होल्टचे शिखरमूल्य आणि क्षणभर उजळणारे शंभर एलईडी दिवे हा यशाचा पुरावा मानला जातो. परंतु एकसरीत जोडलेल्या दिव्यांना मुख्यतः उच्च विभवांतर लागते, आणि तेच हे जनित्र सहज देते. म्हणून अशा प्रयोगाने विभवांतर सिद्ध होते. उपलब्ध ऊर्जा सिद्ध होत नाही.

एक गृहीत उदाहरण घेता येईल. १० मेगाओहम रोधावर १०० व्होल्ट मिळाल्यास प्रवाह १० मायक्रोअँपिअर व शिखरशक्ती १ मिलिवॅट होते. प्रत्येक स्पंद १० मिलिसेकंदांचा आणि सेकंदाला दोन स्पंद असतील, तर स्पंद पूर्णवेळ शिखरावर राहिला असे मानले तरी सरासरी शक्ती केवळ २० मायक्रोवॅट ठरते. शिखर व सरासरी यांत पन्नासपट अंतर पडते. शिवाय जनित्राचा अंतर्गत संरोध फार मोठा असल्याने काही व्होल्टवर चालणाऱ्या उपकरणास किंवा बॅटरीस ते थेट जोडल्यास बरीच ऊर्जा हाती लागत नाही. हवेतील आर्द्रतेने भार घटतो, तर सततच्या घर्षणाने पृष्ठभाग झिजतो.

विशेष म्हणजे योग्य मापदंड या क्षेत्रातच उपलब्ध आहे. वांग यांच्याच गटाने २०१५ मध्ये मांडलेल्या गुणवत्तांकाचा आधार प्रत्येक आवर्तनात मिळू शकणारी महत्तम ऊर्जा हा आहे.

निष्कर्ष :
या जनित्राची उपयुक्तता नाकारण्याचे कारण नाही. स्पर्श, कंपन वा दाब ओळखणारा स्वयंचलित संवेदक म्हणून त्याचे स्थान अधिक भक्कम दिसते. कारण तेथे संकेत पुरेसा असतो, साठविलेली ऊर्जा लागत नाही. ऊर्जास्रोत म्हणून दावा करताना मात्र सरासरी शक्ती, भाररोध, हालचालीची वारंवारता, आर्द्रता आणि आवर्तनांची संख्या यांची नोंद अनिवार्य मानावी. महाविद्यालयीन प्रकल्पांचे मूल्यमापनही किती दिवे लागले यावरून न करता, कॅपॅसिटरमध्ये ठरावीक वेळेत किती ऊर्जा साठली यावरून करणे शास्त्रीयदृष्ट्या अधिक उचित ठरेल.