खड्याचे माप आणि मूत्रपिंडाचा हिशेब

ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या अनेक शाळांत विज्ञान फलकावर वृत्तपत्रांतील कात्रणे लावली जातात. वैद्यकातील कात्रणांत एक प्रकार हमखास सापडतो, तो विक्रमी मुतखड्याचा. शेजारी पट्टी ठेवून काढलेले खड्याचे छायाचित्र असते आणि ठळक अक्षरांत आकडा असतो. मुले थांबून वाचतात, हे खरे. पण मूत्रपिंड शिकवण्याचे साधन म्हणून ही बातमी कशी आहे?

या विक्रमांत महाराष्ट्र मागे नाही. १८ फेब्रुवारी २००४ रोजी मुंबईत एका रुग्णाच्या मूत्रपिंडातून १३ सेंटीमीटरचा खडा काढला गेला. २६ डिसेंबर २००९ रोजी धुळ्याच्या इन्स्टिट्यूट ऑफ युरॉलॉजीमध्ये डॉ. आशिष रवंदळे-पाटील यांनी एकाच डाव्या मूत्रपिंडातून १,७२,१५५ खडे काढले. दोन्हींची नोंद गिनीज बुकात झाली. २००४ चा विक्रम पुढे जून २०२३ मध्ये श्रीलंकेतील लष्करी डॉक्टरांनी मोडला. तो खडा १३.३७ सेंटीमीटर लांब आणि ८०१ ग्रॅम वजनाचा होता. निरोगी मूत्रपिंडाची लांबी साधारण ११ सेंटीमीटर आणि वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास असते. म्हणजे अवयवाच्या पाचपट वजनाचा खडा त्या अवयवात होता! यात शल्यविशारदांचे कौशल्य निर्विवाद आहे. आक्षेप आहे तो मोजमापावर. बातमी खडा मोजते. मोजायला हवे होते मूत्रपिंड.

खड्याचा आकार आणि रुग्णाचा त्रास यांचे प्रमाण सरळ नाही, किंबहुना पुष्कळदा ते उलटे असते. चार-पाच मिलिमीटरचा खडा मूत्रवाहिनीत अडकला की माणूस गडाबडा लोळतो. उलट मूत्रपिंडाच्या पोकळीत फांद्या फुटल्यासारखा वाढलेला ‘सांबरशिंगी’ खडा वर्षानुवर्षे गप्प बसू शकतो. असे अनेक खडे जंतुसंसर्गातून तयार होतात. प्रोटियससारखे जंतू लघवीतील युरियाचे विघटन करून अमोनिया बनवतात, लघवी आम्लारिधर्मी होते आणि मॅग्नेशियम अमोनियम फॉस्फेटचा साका धरू लागतो. नववी-दहावीच्या रसायनशास्त्राला इतके जवळचे उदाहरण क्वचित मिळते, पण बातमीत ते येत नाही.

हा गप्पपणा खरा घातक ठरतो तो दोन्ही मूत्रपिंडांत मोठे खडे असताना. पाठ्यपुस्तकातील ‘गाळणी’ची उपमा येथे अपुरी पडते. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख नेफ्रॉन असतात आणि निसर्गाने राखीव साठा भरपूर ठेवला आहे. म्हणून तर एक मूत्रपिंड दान केलेला माणूस व्यवस्थित जगतो. म्हणूनच एका बाजूचे मूत्रपिंड खड्याने निकामी झाले, तरी रक्तातील क्रिएटिनिन फारसे न वाढण्याची शक्यता असते. दोन्हीकडे खडे असले की हा राखीव साठाच उरत नाही. लघवी होते आहे, म्हणजे मूत्रपिंड ठीक आहे, हा समज विद्यार्थ्यांच्या मनातून आधी काढला पाहिजे. लघवी किती झाली यापेक्षा तिच्यातून काय बाहेर गेले, हा प्रश्न आहे.

अशा रुग्णाची शस्त्रक्रिया हा हिशेबाचा भाग असतो. किरणोत्सारी टेक्नेशियमचा अंश टोचून डाव्या-उजव्या मूत्रपिंडाचे काम वेगवेगळे मोजतात. वाट बंद होऊन पू झाला असेल किंवा क्रिएटिनिन चढले असेल, तर खड्याला हात लावण्यापूर्वी नळी घालून तुंबलेली लघवी बाहेर काढतात. मग ठरते, कोणती बाजू आधी, दोन्ही एकाच दिवशी की काही आठवड्यांच्या अंतराने. एखादे मूत्रपिंड जवळजवळ निकामीच झालेले असेल, तर खड्यासह ते काढण्याचाही विचार होतो.

पूर्वी मोठ्या खड्यांसाठी कूस उघडून मूत्रपिंडच चिरावे लागे. १९७६ मध्ये स्वीडनमध्ये फर्नस्ट्रॉम आणि योहान्सन यांनी पाठीतून केलेल्या बारीक वाटेने खडा काढण्याची पद्धत प्रसिद्ध केली. आज ही वाट साधारण एक सेंटीमीटर किंवा त्याहून अरुंद असते. तिच्यातून दुर्बीण घालून खडा फोडतात आणि तुकडे बाहेर काढतात. म्हणजे मोठा खडा अखंड बाहेर आला नाही, तर ते सहसा चांगलेच लक्षण! पट्टीशेजारी ठेवण्याजोगा खडा मात्र त्यातून मिळत नाही. शरीराबाहेरून आघातलहरींनी खडा फोडण्याची पद्धत १९८० मध्ये म्युनिकला सुरू झाली. पण साधारण दोन सेंटीमीटरच्या पुढे ती एकटी पुरी पडत नाही. रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग रक्तात पसरणे हे पाठीतील शस्त्रक्रियेचे धोके आहेत. मागे राहिलेला तुकडा पुढच्या खड्याचे बीज ठरू शकतो.

‘हे सारे सुश्रुताने केलेच होते’ ही पुस्तीही अशा वेळी फलकावर जोडली जाते. सुश्रुतसंहितेत वर्णन आहे ते मूत्राशयातील अश्मरी काढण्याचे. मूत्राशय आणि मूत्रपिंड यांतला फरक आपणच शिकवायचा आणि आपणच पुसायचा, हे बरे नव्हे.

श्रीलंकेतील शस्त्रक्रियेनंतर तिथल्या शल्यविशारदांनी महत्त्वाचे म्हणून सांगितले ते हे की, एवढा खडा असूनही मूत्रपिंडाचे काम नीट चालू आहे. मथळा व्हायला हवे होते ते हे वाक्य. विक्रमाच्या बातमीत ते शेवटच्या ओळींत जाते, नाहीतर जागेअभावी गळते.

यापेक्षा मोठी उणीव म्हणजे बातमी शस्त्रक्रियेपाशी संपते. खडा काढला म्हणजे खडा करणारी लघवी बदलली असे नाही. इटलीत बोर्गी यांच्या गटाने १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पहिला कॅल्शियमचा खडा झालेल्या रुग्णांना पाच वर्षे पाहिले. दिवसाला दोन लिटर लघवी होईल इतके पाणी पिणाऱ्यांपैकी १२ टक्क्यांना पुन्हा खडा झाला. बाकीच्यांपैकी २७ टक्क्यांना. संसर्गाच्या खड्याला नुसते पाणी पुरत नाही, जंतूंचा बंदोबस्त लागतो. लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या ‘ऑपरेशनशिवाय मुतखडा विरघळवा’ या जाहिराती वाचताना हेही लक्षात असावे की औषधाने खात्रीने विरघळणारा नेहमीचा खडा म्हणजे यूरिक आम्लाचा, कॅल्शियमचा नव्हे.

त्याच लोकलमध्ये स्वच्छतागृह नसते. कल्याण ते मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर सुमारे ५४ किलोमीटर आहे आणि सकाळी पाणी टाळून निघणाऱ्या प्रवाशांत शिक्षिकाही असतात. शाळेतील अस्वच्छ मुतारीमुळे दिवसभर पाणी न पिणाऱ्या मुलींची संख्या कात्रण लावणाऱ्या शिक्षकाला वर्गातच मोजता येईल. कात्रणाखाली तो आकडा लिहावा, आणि त्याच्याखाली हा प्रश्न: त्या रुग्णाचे मूत्रपिंड आता किती काम करते?