दोन हजार वर्षांचा सोस

फिलिपिन्समध्ये लुझॉन बेटाच्या उत्तर डोंगराळ भागात इफुगाओ लोकांनी उभी केलेली भाताची खाचरे १९९५ साली जागतिक वारशाच्या यादीत गेली. त्यांच्यावरील लेखन बहुधा एकाच वाक्याने सुरू होते : ही खाचरे दोन हजार वर्षांची आहेत.

हा आकडा आला कोठून? बार्टन आणि बायर या अमेरिकी अभ्यासकांनी, एवढे डोंगर बांधून काढायला किती काळ लागला असेल, याचा अदमास केला. जमीन उकरून पाहिली नव्हती. पुढे पुरातत्त्वज्ञ स्टीफन अकाबाडो यांनी ती उकरली. २००९ पासूनच्या त्यांच्या मांडणीनुसार भाताची ही शेती येथे पसरली ती सुमारे चारशे वर्षांपूर्वी; त्याआधी हे लोक अळूचे कंद पिकवीत. स्पॅनिश सत्ता सखल प्रदेशात शिरली, तेव्हा तिच्या कचाट्यातून निसटलेली माणसे डोंगरात वर सरकली, आणि खाचरे वाढली ती त्या काळात. ही मांडणी सर्वांनी मान्य केलेली नाही.

पण मान्य करायला एवढे जड का जावे? सोळाशे वर्षे कमी झाली म्हणजे इफुगाओ लहान झाले काय? माझ्या मते उलट आहे. 'दोन हजार वर्षे' म्हणणारा या माणसांना इतिहासाबाहेर, निसर्गाच्या शेजारी नेऊन बसवतो. 'चारशे वर्षे' म्हटले की त्याच बांधातून एक निर्णय बोलू लागतो : आम्ही तुमची सत्ता मानणार नाही. जे जुने ते थोर, ही मोजपट्टी कोणाच्या सोयीची असते, हे या नियतकालिकाच्या वाचकाला सांगायला नको.

मात्र या नकाराचेही भाबडे स्तोत्र करून चालणार नाही. इफुगाओ समाजात कदांग्यान नावाचा श्रीमंतांचा थर होता, आणि पाण्याखालची भाताची जमीन हीच त्याच्या प्रतिष्ठेची खूण. पेरणी-कापणीला आणि मृताच्या जागरणाला गायिली जाणारी 'हुधुद' ही दीर्घ गाथा घ्या. तिचा नायक अलिगुयोन याच थरातला. एक बाई पुढे गाते, बाकीच्या मागून साथ धरतात. चिखलात कंबर वाकवून उभ्या असलेल्या बायका श्रीमंत घराण्याच्या पराक्रमाचे गाणे म्हणतात. अभ्यासक या गाथेच्या लांबीचे आणि प्रतिमांचे कौतुक करतात. गाणारी आणि जिचे गायिले जाते ती, या दोघींमधील अंतर हाच तिचा खरा आशय आहे, असे मला वाटते.

२००१ साली हुधुदचा मानवतेच्या मौखिक वारशातील श्रेष्ठ कृती म्हणून गौरव झाला. त्याच वर्षी खाचरे धोक्यातील वारशाच्या यादीत घालावी लागली. तरुण शहराकडे निघून गेले होते, खाचरे ओस पडत होती, बांध ढासळत होते. ती यादीतून बाहेर पडायला २०१२ साल उजाडले.