हसावे, की विश्वास ठेवावा?

परग्रहवासीयांनी पळवून नेलेल्या माणसांवर विनोदी मालिका निघू शकते, हे ऐकूनच आमच्या अभ्यासगटातल्या काहींना हसू आले होते. 'पीपल ऑफ अर्थ' ही ती अमेरिकन मालिका. टीबीएस या वाहिनीवर ३१ ऑक्टोबर २०१६ रोजी ती सुरू झाली. तिची दोन पर्वे झाली. तिसऱ्याची घोषणाही झाली होती, पण ते येण्याआधीच २०१८ मध्ये मालिका बंद करण्यात आली. तिचे काही भाग आम्ही शिक्षकांनी एकत्र बसून पाहिले. मालिकेपेक्षा नंतरची चर्चाच जास्त लांबली. त्या चर्चेमुळेच हे लिहावेसे वाटले.

कथा थोडक्यात अशी. ऑझी ग्रॅहम हा पत्रकार न्यूयॉर्क राज्यातल्या बीकन या छोट्या गावी येतो. तिथे 'स्टारक्रॉस्ड' नावाचा एक गट नियमित भेटत असतो. आपल्याला परग्रहवासीयांनी उचलून नेले होते, असे या गटातल्या प्रत्येकाचे म्हणणे असते. ऑझी त्यांच्यावर लेख लिहायला आलेला असतो आणि मनातून त्यांना हसतही असतो. पण हळूहळू त्याला स्वतःच्याच एका आठवणीची शंका येऊ लागते. आपली गाडी रस्त्यात एका हरणाला धडकली, एवढेच त्याला आठवत असते. तेव्हा खरेच तेवढेच घडले होते का? दुसरीकडे अंतराळयानातले परग्रहवासी आपल्याला दिसत राहतात. एखाद्या कचेरीतले कर्मचारी चहाच्या सुट्टीत जशी कुरकुर करतात, तशी यांची आपापसांत कुरकुर चालू असते. वायट सेनॅकने ऑझीचे काम संयमाने केले आहे. गटाची समुपदेशक जीना हिच्या भूमिकेत ॲना गेस्टायर आहे. विनोद मंद आहे, पण बोचरा नाही.

प्रेक्षक म्हणून आमच्या तीन तऱ्हा झाल्या. काही जण पोट धरून हसले. काही जण अस्वस्थ झाले. "बिचारी एकटी माणसे आहेत ही, यांच्यावर काय हसायचे?" असे त्यांचे म्हणणे. आणि एका शिक्षिकेने शेवटी हळूच विचारले, "पण इतक्या लोकांना असे वाटते, म्हणजे त्यात काहीतरी तथ्य असेलच ना?" यावर पहिले दोन्ही गट गप्प झाले. हसणाऱ्यांपाशी उत्तर नव्हते आणि सहानुभूतीवाल्यांपाशीही नव्हते.

मग त्याच बाईंनी आपल्या शाळेच्या वसतिगृहातली एक मुलगी आठवून सांगितली. रात्री तिला जाग यायची, पण हात-पाय हलायचे नाहीत. कोणीतरी छातीवर बसले आहे असे वाटायचे. ओरडावे तर आवाज फुटायचा नाही. तिने मैत्रिणींना सांगितले, तर त्या फिदीफिदी हसल्या. घरी सांगितले, तेव्हा घरच्यांनी लगेच विश्वास ठेवला आणि तिला देवऋषाकडे नेले. बाई म्हणाल्या, "त्या मुलीला दोन्हीकडून काय मिळाले? तिला नक्की काय होत होते, हे कोणी विचारलेच नाही."

आमच्या मते या मालिकेची परीक्षा याच प्रश्नावर व्हायला हवी.

मालिकेच्या पदरात एक मोठा गुण टाकलाच पाहिजे. 'स्टारक्रॉस्ड'मधली मंडळी स्वतःला 'अपहृत' म्हणवून घेत नाहीत, 'अनुभव घेतलेले' म्हणवतात. लेखकांनी हा शब्द गमतीसाठी योजला असेल, पण तो फार कामाचा आहे. अनुभव ही एक गोष्ट, आणि त्या अनुभवाचा आपण लावलेला अर्थ ही दुसरी. छातीवर दाब जाणवला, हा अनुभव. तो भुताने दिला की परग्रहवासीयाने, हा अर्थ. पहिल्याला हसण्याचा अधिकार कोणालाच नाही. दुसरा तपासण्याचा अधिकार सर्वांना आहे.

अनुभव किती खरा असू शकतो, याचा पुरावाही आहे. हार्वर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मॅकनॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. अपहरण झाल्याचे सांगणाऱ्या दहा जणांना त्यांच्याच कहाणीची ध्वनिफीत ऐकवली आणि त्या वेळी त्यांच्या हृदयाचे ठोके, त्वचेला सुटणारा घाम वगैरे मोजले. युद्धासारख्या भीषण प्रसंगांतून गेलेल्या रुग्णांना त्यांची आठवण करून दिली की शरीर जशी प्रतिक्रिया देते, तेवढीच तीव्र प्रतिक्रिया इथेही दिसली. म्हणजे ही माणसे सोंग करत नव्हती. पण यावरून यान आले होते, असे सिद्ध होत नाही. मनापासून मानलेली गोष्ट शरीराला खऱ्या गोष्टीइतकीच घाबरवू शकते, एवढेच सिद्ध होते.

मग हा अनुभव येतो कुठून? पुष्कळ कहाण्यांच्या मुळाशी निद्रा-पक्षाघात असतो. झोपेच्या ज्या टप्प्यात आपल्याला ठळक स्वप्ने पडतात, त्या टप्प्यात मेंदू शरीराचे बहुतेक स्नायू सैल करून ठेवतो. नाहीतर स्वप्नात धावताना आपण अंथरुणातून उठून खरेच धावू लागलो असतो. कधीकधी जाणीव आधी जागी होते आणि स्नायू मागे राहतात. डोळे उघडे, खोली ओळखीची, पण बोटही हलत नाही आणि अर्धे स्वप्न अजून चालूच असते. खोलीत कोणीतरी आहे असे वाटते, छाती दडपते. काही सेकंदांत, फार तर काही मिनिटांत, हे ओसरते. जागरण, झोपेच्या अनियमित वेळा, उताणे झोपणे यांमुळे ते होण्याची शक्यता वाढते. एरवी त्यात धोका नसतो. हेन्री फ्यूसेली या चित्रकाराने १७८१ मध्ये झोपलेल्या स्त्रीच्या छातीवर बसलेला सैतान रंगवला. आपल्याकडे तिथे भूत बसते आणि विसाव्या शतकातल्या अमेरिकेत पलंगाशी करड्या रंगाचे परग्रहवासी उभे राहिले. शरीरातली घटना तीच, पण तिचे पात्र ज्या त्या समाजाने पुरवलेले.

नेमक्या याच ठिकाणी मालिका आपल्याला फसवते. सुरुवातीच्याच भागांत ती यान आणि परग्रहवासी उघड दाखवून टाकते. त्यामुळे प्रेक्षकाला शंकेला जागाच राहत नाही. गटातले लोक बरोबर आणि त्यांना हसणारे जग चूक, असा निकाल आधीच लागतो. ऑझीची हरणाची आठवण खोटी निघते आणि तिच्या आड दडलेली अपहरणाची आठवण खरी. साध्या आठवणीचा पडदा बाजूला केला की खरी घटना सापडते, हा समज अपहरणाच्या कहाण्या गोळा करणाऱ्यांमध्येही पक्का होता. त्यांनी त्यासाठी संमोहनाचा सर्रास वापर केला. प्रत्यक्षात संमोहनाने आठवण अचूक होत नाही. ती आपलीच आहे, हा विश्वास मात्र वाढतो.

बेटी आणि बार्नी हिल या दाम्पत्याची गाजलेली हकिकत पाहा. १९६१ च्या सप्टेंबरमध्ये कॅनडाहून मोटारीने घरी परतताना त्यांना न्यू हॅम्पशायरमध्ये रात्री आकाशात एक प्रकाश दिसला. नंतर काही दिवसांनी बेटीला आपल्याला पळवून नेल्याची स्वप्ने पडू लागली. अपहरणाची सविस्तर कहाणी दोघांच्या तोंडून आली, ती १९६४ मध्ये डॉ. बेंजामिन सायमन यांनी त्यांना संमोहित केले तेव्हा. स्वतः डॉ. सायमन यांचे मत असे पडले की, कहाणीचे मूळ बेटीच्या स्वप्नांत आहे. २२ फेब्रुवारी १९६४ रोजी बार्नीने परग्रहवासीयांच्या लांबट, बाजूला वळलेल्या डोळ्यांचे वर्णन केले. त्याच्या बाराच दिवस आधी अमेरिकन दूरचित्रवाणीवरच्या 'द आउटर लिमिट्स' या मालिकेत तशाच डोळ्यांचा परग्रहवासी दिसला होता, असे पुढे एका अभ्यासकाने दाखवून दिले. बार्नीने तो भाग पाहिला होता, हे सिद्ध झालेले नाही. पण पडद्यावरच्या प्रतिमा आपल्या आठवणींत शिरत असतील, हा विचार दूरचित्रवाणीसाठीच लिहिलेल्या मालिकेला किती खुमासदार विषय देऊन गेला असता! ती संधी 'पीपल ऑफ अर्थ'ने दवडली.

"आठवण अशी आपोआप तयार होते होय?" असा प्रश्न आमच्यातही निघाला. म्हणून आम्ही एक जुना प्रयोग मराठीत करून पाहिला. तुम्हीही वर्गात करा. पुढचे शब्द सावकाश, एकेका सेकंदाच्या अंतराने वाचून दाखवा: अंथरूण, उशी, रात्र, जांभई, स्वप्न, गादी, डुलकी, चादर, घोरणे, अंधार, पलंग, अंगाई. मग दोन-तीन मिनिटे दुसऱ्याच विषयावर बोला आणि आठवतील ते शब्द लिहायला सांगा. आमच्यातल्या काहींनी खात्रीने 'झोप' हा शब्द लिहिला. यादी पुन्हा पाहा, तो शब्द तिच्यात नाही! जेम्स डीझ यांनी १९५९ मध्ये अशा याद्या वापरल्या आणि १९९५ मध्ये रोडिगर व मॅकडर्मट यांनी हा प्रयोग नव्याने पुढे आणला. अपहरणाची आठवण 'परत मिळाल्याचे' सांगणारे लोक या चाचणीत इतरांपेक्षा जास्त वेळा चुकतात, असे सुझन क्लॅन्सी आणि सहकाऱ्यांना २००२ मध्ये आढळले. पण चुकतो आपण सगळेच. ज्या शिक्षकांनी 'झोप' लिहिला, त्यांत मालिका पाहताना सर्वांत मोठ्याने हसलेले एक सरही होते. त्यानंतर ते फारसे हसले नाहीत.

मालिका पाहू नये, असे आम्ही म्हणत नाही. जरूर पाहावी. विचित्र अनुभव आलेल्या माणसाला एकटे वाटते आणि कोणी ऐकून घेतले की त्याला बरे वाटते, हे तिने फार हळुवारपणे दाखवले आहे. मात्र ऐकून घेतल्यावर पुढे काय करायचे, हे ती शिकवत नाही. ते काम आपले आहे.

वसतिगृहातल्या त्या मुलीला कोणीतरी म्हणायला हवे होते: "तुला जे झाले ते खरे आहे, तू खोटे बोलत नाहीस. आता ते का होते, ते आपण मिळून शोधू." अशी मुलगी किंवा मुलगा तुमच्याही वर्गात असू शकतो. वरचा प्रयोग करून झाला की हा विषय वर्गात काढा आणि मुले काय सांगतात ते आम्हाला अवश्य कळवा.