पार्श्वसंगीत आणि सातारा-सांगलीचा श्रोता

चित्रपटातील गाणे चित्रपटाबाहेरही जगते. त्याला कवी असतो, गायक असतो आणि चित्रपट विस्मरणात गेला तरी ते लग्नाच्या वरातीत वाजत राहते. पार्श्वसंगीताला असे स्वतंत्र आयुष्य क्वचितच लाभते. त्यामुळे गाण्याच्या चालीविषयी, तिच्या रागाविषयी आणि ठेक्याविषयी तासन्‌तास वाद घालणारा मराठी रसिक पार्श्वसंगीताविषयी एका वाक्यात मोकळा होतो. आवडले तर ‘अंगावर काटा आला’, नावडले तर ‘संवादच ऐकू आले नाहीत’. ही मते ढोबळ असली तरी निराधार नाहीत. संगीताने प्रसंग उंचावला का आणि बोलण्याला जागा ठेवली का, हे दोन प्रश्न त्यांत आहेत. सातारा आणि सांगली जिल्ह्यांशी नाते असलेल्या कलाकृती पाहिल्या, तर त्यांत तिसरा प्रश्नही मिळवावा लागतो: संगीताला थांबता येते का?

या भागातील श्रोत्याचा कान चित्रपटाच्या फार आधी घडला. १८४३ साली सांगलीत चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी ‘सीता स्वयंवर’ सादर केले. त्या खेळांत पदे गाण्याचे काम मुख्यतः सूत्रधाराकडे असे. तो साथीदारांसह पदे म्हणे आणि पात्रे त्या अनुरोधाने अभिनय करीत. दृश्य एकाचे आणि सूर दुसऱ्याचा, ही पार्श्वसंगीताची मूळ कल्पना तिथे उघडपणे दिसते. फरक एवढाच की तिथला गाणारा प्रेक्षकांच्या समोर उभा असे.

दुसरे संस्कारकेंद्र मिरज. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ इथे स्थायिक झाले. त्यांचे निधन १९३७ साली झाले आणि त्यांच्या स्मरणार्थ दर्ग्याच्या उरुसात आजही संगीतसभा होते. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तंबोऱ्याची जवारी कुठे बिघडली हे ओळखणारे कारागीर ज्या गावात आहेत, तिथल्या मैफलींनी जाणत्या श्रोत्यांची एक परंपरा घडवली. सर्वसाधारण प्रेक्षकाने मात्र चित्रपट ऐकला तो यात्रांमधल्या तंबूत. तिथल्या कर्ण्यांतून मंद्र सप्तक जवळजवळ नाहीसे होई आणि जनित्राची घरघर सतत सोबतीला असे. अशा ठिकाणी ढोलकीची थाप, हलगीचा कडकडाट आणि सनईचा टोकदार सूर तेवढा पोहोचत असे. हलक्या हाताने केलेले काम तिथे वायाच जाई.

थांबण्याची कसोटी समजून घ्यायला ‘कुंकू’ (१९३७) हा चित्रपट पाहावा. सांगलीजवळच्या समडोळीचे आणि पुढे साताऱ्याच्या कोरेगावात राहिलेले ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर तो आधारलेला आहे. प्रभातसाठी व्ही. शांताराम यांनी तो दिग्दर्शित केला आणि गाण्यांना केशवराव भोळे यांनी चाली दिल्या. भावना ठळक करण्यासाठी वाद्ये वाजवण्याऐवजी शांताराम यांनी प्रसंगातल्याच आवाजांवर भर दिला. म्हाताऱ्या नवऱ्याच्या घरातील भिंतीवरचे घड्याळ त्यामुळे निव्वळ सामान राहत नाही, ते त्याच्या वयाची आठवण करून देत राहते. बोलपट मराठीत येऊन जेमतेम पाच वर्षे झाली होती. त्या काळात संगीत वगळणे हा संगीताविषयीचाच निर्णय होता.

तमाशापटांनी नेमकी उलटी वाट धरली. वसंत पवार यांचे संगीत असलेला ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) आणि मिरजेचे राम कदम यांचे संगीत असलेला ‘पिंजरा’ (१९७२) ही या परंपरेची दोन शिखरे. गाण्यांच्या बाबतीत या संगीतकारांची मातब्बरी वादातीत आहे. मात्र या प्रकारच्या चित्रपटांत पार्श्वसंगीत बहुधा गाण्यांच्या आश्रयाने राहिले. मुखडा विलंबित लयीत वाजवला की विरह झाला आणि ढोलकी चढवली की संकट आले, असे सोपे संकेत रूढ झाले. गावाकडच्या प्रेक्षकाला ते लगेच कळत, कारण वाद्ये त्याच्या ओळखीची होती. त्यांची झीजही तितक्याच लवकर झाली.

१९७०च्या दशकात पार्श्वसंगीताचा स्वतंत्र विचार अधिक ठळक झाला. जब्बार पटेल यांच्या ‘सामना’ (१९७५) या चित्रपटाचे संगीत भास्कर चंदावरकर यांचे आहे. साखरसम्राटाच्या सत्तेची ही गोष्ट कृष्णाकाठच्या प्रेक्षकाला परकी नव्हती. सांगलीत जन्मलेले हृदयनाथ मंगेशकर यांनी पटेलांच्याच ‘जैत रे जैत’ (१९७७) मध्ये गाण्यांकडेच निवेदन सोपवले. ठाकर आदिवासींच्या जगात गाणे कुठे संपते आणि पार्श्वसंगीत कुठे सुरू होते, याची सीमाच तिथे पुसली जाते. भाव्यांच्या सूत्रधाराचे काम इथे पुन्हा दिसते.

बाहेरच्या संगीतकारांनीही या भूमीला सूर दिले. ‘स्वदेस’ (२००४) चे मोठे चित्रीकरण वाईजवळच्या मेणवलीत झाले. ए. आर. रहमान यांनी त्यात मुख्य गाण्याची धून सनईवर फिरवून घेतली. कथेतील गाव उत्तर प्रदेशातले, घाट कृष्णेचा आणि सनई दोन्हीकडची. त्यामुळे संगीताने प्रदेशाचा तपशील न सांगता गावाची ओढ सांगितली. स्थानिक प्रेक्षकाला घाट ओळखू येतो, पण सूर आपल्या मातीचा आहे की नाही हा प्रश्न पडत नाही. हे त्या रचनेचे यश आहे आणि मर्यादाही.

अलीकडच्या टप्प्यात तीन वेगळे मार्ग दिसतात. पहिला भव्यतेचा. ‘जोगवा’साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवणाऱ्या अजय-अतुल यांनी ‘सैराट’ (२०१६) साठी हॉलिवूडच्या स्टुडिओत पाश्चात्त्य वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला. करमाळ्याच्या रानातील प्रेमाला त्यांनी व्हायोलिनच्या ताफ्याचा मान दिला. दुसरा मार्ग संयमाचा. ‘सैराट’चे दिग्दर्शक नागराज मंजुळे यांच्याच ‘फँड्री’चे पार्श्वसंगीत अलोकनंदा दासगुप्ता यांनी दृश्यावर कुरघोडी न करता रचले. तिसरा मार्ग जवळजवळ नकाराचा. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ (२०१४) मध्ये संगीत ऐकू येते ते मुख्यतः शाहिराच्या मंचावरून. ती गाणी पाचगणीजवळच्या महू गावचे संभाजी भगत यांची. न्यायालयातील कंटाळा तिथे कोणतेही वाद्य हलका करीत नाही.

‘सैराट’च्या चाहत्यांत गाण्यांची चर्चा सर्वाधिक झाली. तरी शेवटाचा विषय निघाला की बोलणे वाद्यवृंदावरून शांततेवर येते. एवढा मोठा ताफा वापरणारा चित्रपट अखेरच्या क्षणी आवाजच काढून घेतो. आधीचा दणदणाट नसता तर ही शांतता एवढी लागली नसती. ‘कुंकू’ने संगीत टाळून जे साधले, ते ‘सैराट’ने संगीत भरभरून देऊन आणि मग थांबवून साधले.

हे भान सर्वत्र टिकलेले नाही. ‘पावनखिंड’ आणि ‘शेर शिवराज’ (दोन्ही २०२२) यांसारख्या शिवकालीन चित्रपटांना या भागात मोठा जिव्हाळा आहे. दुसऱ्याची कथा तर सातारा जिल्ह्यातील प्रतापगडाच्या पायथ्याशीच घडते. या प्रकारात ताशे, समूहस्वर आणि घोषणा यांचा मारा सुरुवातीपासून चालतो. चित्रपटगृहात जयघोष होतो आणि तो खराच असतो. पण प्रत्येक प्रवेश शिखरासारखा वाजवला की खरे शिखर सपाट होते. तरुण चाहते ज्याला ‘बीजीएम’ म्हणतात, तो मोबाइलच्या स्टेटसवर अर्धे मिनिट बसणारा तुकडा इथे सहज सापडतो. दोन तासांच्या रचनेचा तोल मात्र त्यावरून जोखता येत नाही.

या अवस्थेची काही कारणे व्यावहारिक आहेत. पार्श्वसंगीत संकलनानंतर, म्हणजे वेळ आणि पैसा दोन्ही संपत आल्यावर होते. वादकांची जागा संगणकातील तयार नमुन्यांनी घेतली की एका चित्रपटाची तुतारी दुसऱ्यासारखीच वाजते. गाण्यांचा संच बाजारात येतो, पण पार्श्वसंगीत क्वचितच स्वतंत्रपणे प्रसिद्ध होते, त्यामुळे पुन्हा ऐकून मत सुधारण्याची सोय चाहत्याला नसते. राष्ट्रीय पुरस्कारांत २००९ च्या चित्रपटांपासून गाणी आणि पार्श्वसंगीत यांचा वेगळा सन्मान नियमितपणे होऊ लागला. मराठी परीक्षणे मात्र अजूनही दोन्हींना एकाच ओळीत बसवतात.

ही त्रुटी भरून काढायला लागणारे बहुतेक साहित्य श्रोत्याकडे आहे. जवारी ओळखणारा कान वाद्याचा अस्सलपणा ओळखू शकतो. तमाशाचा प्रेक्षक ठेका कुठे पडायला हवा आणि कुठे उगाच पडला, हे सांगू शकतो. शाहिरी ऐकलेल्याला शब्द झाकणारा गोंगाट खटकतोच. परीक्षणाने हेच निकष दृश्यागणिक लावले, तर काटा का आला आणि संवाद कशामुळे बुडाले, याची उत्तरे मिळतील. पुढच्या संगीतकाराला तीच उपयोगी पडतील.