स्वस्तातलं आकाश

कोल्हापुरात सिनेमाचं परीक्षण करायला परीक्षक लागत नाही. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी स्वतःच्या हातांनी कॅमेरा बनवला आणि १९२९ साली 'प्रभात' कंपनी निघाली, त्या गावात मिसळीचा कट आणि सिनेमाची पटकथा या दोन विषयांवर प्रत्येक माणूस जन्मजात तज्ज्ञ असतो. तेव्हा 'सरफिरा'बद्दल मी चार शब्द बोललो, तर आगाऊपणा समजू नये.

'सरफिरा' हा सुधा कोंगरा यांचा २०२४ सालचा हिंदी चित्रपट. त्यांच्याच २०२० सालच्या 'सूरराई पोट्रू' या तमिळ चित्रपटाची ही हिंदी आवृत्ती. गोष्टीच्या मुळाशी कॅप्टन गोपीनाथ. हा गृहस्थ लष्करातून बाहेर पडला, हसनकडे शेती केली आणि २००३ साली त्यानं 'एअर डेक्कन' ही स्वस्त विमानांची कंपनी काढली. काही तिकिटं तर एक रुपयाला विकली. एक रुपया! आमच्याकडे देवाच्या ताटात तेवढा टाकला तर गुरव वर मान करून बघत नाही.

हिंदीत नायक मराठी केला आहे, म्हात्रे आडनावाचा. अक्षयकुमार आपला वाटावा यासाठी मी पुष्कळ प्रयत्न केले. पण एका प्रसंगात तो खरंच आपला वाटला. गावी वडील अखेरच्या घटका मोजताहेत, विमानाची साधी जागा नाही, आहे ते तिकीट महागडं आणि खिशात तेवढे पैसे नाहीत. तो विमानतळावर अनोळखी लोकांपुढे हात पसरतो. सौ. पदर डोळ्यांना लावून बसली. मी चष्मा पुसला. नेहमीच पुसतो, पण त्या दिवशी जरा जास्त वेळ पुसला.

सिनेमाचं म्हणणं एवढंच : तिकीट स्वस्त असतं, तर मुलगा बापापाशी पोचला असता. टाळ्या वाजवण्यासारखंच म्हणणं आहे. मीही वाजवल्या. कारण तोवर मी स्वस्त विमानात एकदाच बसलो होतो.

थोरली ताई बेंगळुरूला असते. तिच्या नातवाची मुंज होती. मुलानं तीन महिने आधी तिकिटं काढली, रातराणीच्या भाड्यापेक्षा जेमतेम जास्त. पुढं कळलं, की हे भाडं फक्त आमच्या देहाचं आहे. देह कुठं बसणार त्याचे पैसे वेगळे, देहाला भूक लागली तर वेगळे. बॅगेला पंधरा किलोंची मर्यादा, वरती प्रत्येक किलोला दंड. ताईसाठी पाच किलो गूळ, भडंग, लवंगी चटणी आणि भाच्याच्या चपला एवढं घेतल्यावर आमचे कपडे उरले घरी. बॅग कोपऱ्यावरच्या वाण्याच्या काट्यावर नेली. तो म्हणाला, "काका, विकायची हाय काय?" शेवटी दोन स्वेटर अंगावर चढवून मी ऐन मे महिन्यात उजळाईवाडीला पोचलो. माणसाचं वजन करत नाहीत, ही त्यांची केवढी मोठी चूक!

आत गुडघे आणि पुढची खुर्ची यांचा रोटीबेटी व्यवहार झाला. खुर्ची मागे कलत नव्हती. सँडविच घ्यावं असं सौ.ला वाटलं, पण किंमत ऐकून तिनं पिशवीतली दशमी काढली. पण विमान उठलं, खाली पंचगंगा चांदीच्या गोफासारखी दिसली, उसाचे फड दिसले आणि आम्ही दोघं गप्प झालो. राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ साली झालेल्या या धावपट्टीवरून पूर्वी कोण उडत असेल? आणि आज मी, दोन स्वेटर घालून! गोपीनाथांना मी मनातल्या मनात हात जोडले. ते हात अजून सोडलेले नाहीत.

मग आला तो फोन. ताई अतिदक्षता विभागात. रात्रीचे आठ वाजले होते. मुलानं मोबाइल उघडला. दुसऱ्या दिवशीच्या विमानाला दोन जागा, आणि भाडं मुंजीच्या चौपट. तो मला विचारेपर्यंत त्यातली एक जागा गेली आणि उरलेलीचं भाडं आणखी वाढलं. त्या क्षणी मला म्हात्रे आठवला.

मंडईत संध्याकाळी कोथिंबिरीची जुडी स्वस्त होते, कारण रात्री ती सुकणार. विमानाची रिकामी जागाही उडताक्षणी सुकतेच. तरी तिथं शेवटची जुडी सगळ्यांत महाग. का? तर हौशी गिऱ्हाईक आधी येऊन गेलेलं असतं; उशिरा येतो तो अडलेला. हौसेच्या माणसाला स्वस्त देता यावं, म्हणून अडलेल्याकडून वसूल करायचं, असं हे गणित आहे. त्यात लबाडी नाही. नुसता हिशेब आहे. पण मरण काही तीन महिने आधी आरक्षण करून येत नाही.

'सरफिरा'वर माझा आक्षेप आहे तो इथं. शेवटी गावची माणसं विमानातून उतरतात, आणि आपण डोळे पुसत उठतो. पण ती मुंजीला निघालेली माणसं! विमानतळावर हात पसरणारा तो मुलगा आजही तिथंच उभा आहे, त्याच्याकडे कॅमेरा परत वळतच नाही. सरकारनं २०१६ साली 'उडान' योजना आणली, तेव्हा निम्म्या जागांना तासाभराच्या प्रवासासाठी अडीच हजारांची मर्यादा घातली. आमच्या कोल्हापूरची विमानंही २०१८ साली या योजनेमुळेच पुन्हा सुरू झाली. निदान निम्म्या जागांना तरी माणसाच्या अडचणीचा भाव लागू नये, हा विचार मला त्या क्लायमॅक्सपेक्षा मोठा वाटतो. त्यावर सिनेमा निघणार नाही, एवढंच.

मी नऊच्या रातराणीत बसलो. तिचं भाडं काल होतं तेवढंच होतं. निपाणी, बेळगाव, हुबळी. प्रत्येक गतिरोधक मी मोजला. सकाळी ताईपाशी पोचलो. तिनं डोळे उघडले. माझी झोप न झालेली मुद्रा, चुरगळलेला सदरा बघितला आणि क्षीण आवाजात म्हणाली, "विमानानं आलास होय रे?"

"हो तर," मी म्हटलं.

"गूळ आणलास?"

गूळ आणला होता. रातराणीत वजन करत नाहीत.