‘९९ टक्के चिंपांझी’: आकडा पाठ, प्रश्न गायब

मानवी उत्क्रांती शिकवताना एक वाक्य हमखास येतं: माणूस आणि चिंपांझी ९९ टक्के सारखे. तुम्हीही ते वहीत उतरवून घेतलं असेल. पण ९९ टक्के म्हणजे नेमकं कशाचे, हे कधी विचारलंत का?

हा आकडा गाजला तो मेरी-क्लेअर किंग आणि ॲलन विल्सन यांच्या १९७५ मधल्या शोधनिबंधामुळे. त्यांचा भर प्रथिनांच्या तुलनेवर होता. पुढे २००५ मध्ये चिंपांझीच्या जनुकसंचाचा मसुदा आला. जे भाग समोरासमोर जुळवता येतात, तिथे एकेका अक्षराचा फरक सुमारे १.२३ टक्के निघाला. गळालेले किंवा नव्याने घुसलेले तुकडे धरले, तर त्यात आणखी साधारण ३ टक्क्यांची भर पडते. म्हणजे काय मोजलं, त्यावर उत्तर ठरतं.

माझा खरा आक्षेप पुढचा आहे. प्रथिनं इतकी सारखी असूनही शरीर आणि वागणं इतकं वेगळं कसं, हा किंग-विल्सन यांचा प्रश्न होता. उत्तर त्यांनी जनुकांच्या नियंत्रणात शोधलं. आपण प्रश्न सोडला, आकडा तेवढा ठेवला. मग उरलेल्या एका टक्क्यात ‘माणूसपण’ दडलंय, असं मुलांना वाटतं. प्रत्यक्षात तो फरक दोन्हीकडे साठलेला आहे; चिंपांझी आपला पूर्वज नाही, तोही बदलतच आला.

तेव्हा टक्केवारी दिसली की आधी विचारा: कशाची, आणि काय वगळून?