गाणं पोचलं, गवई मागे राहिला

नागपुरात कॉलेजच्या मुलांना वसंतराव देशपांडे ठाऊक असतात ते सिव्हिल लाइन्समधल्या सभागृहामुळे. नाटक असो, गॅदरिंग असो की सत्कार, पत्ता एकच : देशपांडे हॉल. ज्याचं नाव त्या पाटीवर आहे तो माणूस गायचा कसा, हे या पिढीला सांगायचं काम सिनेमाने अंगावर घेतलं. ते त्याने अर्धंमुर्धंच केलं.

सुबोध भावे यांचा 'कट्यार काळजात घुसली' २०१५च्या दिवाळीत लागला आणि नाट्यसंगीत म्हटलं की काढता पाय घेणाऱ्या पोरांच्या मोबाइलवर नाट्यपदं वाजू लागली. मूळ नाटक १९६७चं. ते लिहिलं नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांनी, चाली जितेंद्र अभिषेकींच्या, आणि खाँसाहेब आफताब हुसेन म्हणजे वसंतराव. तेव्हा ते सत्तेचाळीस वर्षांचे होते. सिनेमात शंकर-एहसान-लॉय यांनी जुन्या पदांना नवा साज चढवला, काही गाणी नवी घातली. पडद्यावरच्या खाँसाहेबांना, म्हणजे सचिन पिळगावकरांना, आवाज दिला वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांनी. अभिषेकींचे शिष्य महेश काळे यांना याच सिनेमातल्या गाण्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चाहते घडले, पण ते काळे आणि राहुल यांचे. यात त्या दोघांचा काही दोष नाही. दोघेही कसून गायले आहेत.

मूळ ध्वनिमुद्रण लावलं की मात्र फरक कळतो. वसंतरावांचा आवाज रूढ अर्थाने गोड नाही. तो धारदार आहे, जरा खडबडीतही. तान सरळ निघते, मध्येच भलत्या स्वरावर उडी घेते, आता ही समेवर येते कशी अशी धाकधूक लावते, आणि हसत हसत येते. ही धाकधूक हाच त्या गाण्याचा जीव. सिनेमातली पदं देखणी आहेत, घोटीव आहेत, भोवती वाद्यमेळ भरगच्च आहे. पण गवई घसरेल की काय असं एकदाही वाटत नाही.

जुने संगीतकार हा धोका पत्करत. नौशाद यांनी 'बैजू बावरा'साठी (१९५२) थेट अमीर खाँ आणि डी. व्ही. पलुस्करांनाच गायला बसवलं. तिथे सिनेमावेड्या प्रेक्षकाच्या कानावर खुद्द त्या गवयांचाच गळा पडला.

वसंतरावांचा खरा आवाजही सिनेमात आहेच, आणि तो नागपूरकर दरवर्षी ऐकतात. राजदत्त यांच्या 'अष्टविनायक'मधलं (१९७९) 'प्रथम तुला वंदितो' वसंतराव आणि अनुराधा पौडवाल यांनी गायलंय. गणपतीत ते वाजलं नाही असं मंडळ सापडणं अवघड. पण लाउडस्पीकर गायकाचं नाव सांगत नाही. गंमत अशी, की त्या सिनेमात वसंतरावांनी नायिकेच्या वडिलांचं काम केलंय आणि नायक होते सचिन. म्हणजे पडद्यावरच्या जावयाने छत्तीस वर्षांनी सासऱ्याची गाजलेली भूमिका केली!

निपुण धर्माधिकारी यांचा 'मी वसंतराव' (२०२२) निदान माणूस तरी समोर आणतो. नागपुरातलं बालपण, एकटीने मुलाला वाढवणारी आई, नंतर पुण्यातली लष्करी हिशेब खात्यातली कारकुनी आणि उशिरा आलेलं यश, हे सगळं त्यात आहे. इथेही चेहरा आणि गळा नातवाचाच, आणि त्यासाठी राहुल यांना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. १९८३ साली आजोबा गेले तेव्हा ते चार वर्षांचेही नव्हते. तेव्हा त्यांच्याही वाट्याला आजोबा आले ते बरेचसे ध्वनिमुद्रणांतून. सिनेमा पाहून आलेल्या मुलाने तीच वाट धरायला हवी. त्याचा पहिला मुक्काम मात्र राहुल यांच्या मैफलीत पडतो आणि अनेकदा तिथेच संपतो.

दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र वसंतरावांच्या स्मरणार्थ नागपुरात संगीत समारोह भरवतं. तिथे आजच्या कलावंतांच्या जोडीने वसंतरावांची एखादी मैफल पडदे बंद करून, चांगल्या ध्वनियंत्रणेवर पूर्ण ऐकवायला काय हरकत आहे? आणि त्याच संध्याकाळी दारव्हेकर मास्तरांचंही नाव निघावं. 'कट्यार'ची पदं गुणगुणणाऱ्या किती नागपूरकर मुलांना ठाऊक आहे, की ते नाटक लिहिणारा माणूस याच शहरात 'रंजन कला मंदिर' चालवत होता?